निंगव्वाचा उपास

निंगव्वाच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता, त्याला आज तिसरा दिवस होता. तिचा मुलगा भीमाशंकर सकाळपासून अंगणात उभा होता आणि कोपऱ्यावर वळणारी प्रत्येक गाडी बघत होता.

निंगव्वा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आठव्या वर्षी लिंगायतांच्या रीतीनं दीक्षा झाली तेव्हापासून तिच्या गळ्यातलं लिंग एक दिवसही उतरलं नव्हतं. बाळंतपणात नाही, दुखण्यात नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही. रोज अंघोळ झाली की ती ते डाव्या तळहातावर घ्यायची, भस्म लावायची, बेलाचं पान वाहायची आणि मगच तोंडात घास घालायची. पूर्वी ते चांदीच्या डबीत, चौकीत, असायचं. चौकीचं बिजागर मोडलं आणि तिची कड छातीला टोचायला लागली, तेव्हापासून ती ते पांढऱ्या कापडात गुंडाळून दोऱ्याला बांधायची. आकारानं मोठ्या सुपारीएवढं. बुधवारी सकाळी संडासात वाकताना दोरा तुटला. म्हातारीच्या ध्यानात येईपर्यंत बादलीभर पाणी ओतून झालं होतं.

भिंतीला धरत धरत ती बाहेर आली आणि मुलाच्या कानाशी लागून एवढंच म्हणाली, “कुणाला सांगू नको.”

भीमाशंकरनं बायको श्रीदेवीखेरीज कुणाला सांगितलं नाही. सांगणं हे काम त्याच्यानं आयुष्यात कधी झालंच नव्हतं. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यानं एकतीस वर्षं सहायक म्हणून काढली. बाटल्या धुतल्या, द्रावणं केली, पोरांना परीक्षानळ्या मोजून दिल्या. एकतीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. काही हवं असलं तरी तो मागायचा नाही. “स्पिरिट संपलंय,” असं म्हणायचा आणि तिथंच उभा राहायचा. मग समोरच्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं आणि स्पिरिट यायचं.

श्रीदेवीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “अहो, मठात फोन लावा. अय्यास्वामी येतील, दुसरं बांधतील. हरवतं माणसांचं. माझ्या मावशीचं नदीत गेलं होतं.”

“नदीत गेलं म्हणून सांगता येतं.”

“मग?”

“मग काय? संडासात गेलं म्हणून कसं सांगू? उद्या सगळ्या मठात होईल.”

“झालं तर झालं! म्हातारी उपाशी मरायची त्यापेक्षा.”

भीमाशंकरनं दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा पलीकडे वाजायच्या आत बंद केला. निंगव्वा तर अधिकच पक्की. ओसरीच्या दारात खाटेवर पडून राहायची. श्रीदेवीनं दूधभाकरीची वाटी पुढे केली की तोंड फिरवायची. “बेड,” म्हणायची. नको. जुन्या बायका सांगायच्या, लिंग गेलं की मागोमाग देहही ठेवायचा असतो. तेच तिच्या डोक्यात बसलं होतं. दिवसातून चार घोट पाणी घ्यायची, तेवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठून बसायला गेली आणि तिची मान एका बाजूला कलली. भीमाशंकरनं ते पाहिलं.

विजापूर रस्त्याच्या पलीकडची ही वसाहत. ड्रेनेजची लाईन चौदा वर्षं पुढच्या वर्षी येणार होती. ज्यानं त्यानं आपापल्या अंगणात टाकी बांधली, वर फरशी टाकली, फरशीवर तुळस ठेवली आणि खाली काय आहे ते विसरून गेला. भीमाशंकरची टाकी घर बांधल्यापासून उघडलीच नव्हती. म्हणजे लिंग तिथंच होतं. घरातून बाहेर गेलेलं नव्हतं. रात्रभर त्यानं हाच विचार केला आणि सकाळी विजेच्या खांबावर रंगवलेला नंबर लावला.

मैला उपसायची गाडी दहाच्या सुमाराला आली. चालवणारा सोमेश, तिशीतला, गळ्यात मोबाईल लटकवलेला. त्याच्याबरोबर बिरप्पा. चाळिशी ओलांडलेला, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यानं तुळशीची कुंडी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, फरशीच्या कडेला पहार घातली आणि सिमेंटचा सांधा उकलायला लागला.

“चौदा वर्षं उघडली न्हाय?” तो म्हणाला. “सर, ही टाकी न्हाय, बँकेतला लॉकर हाय की तुमचा.”

भीमाशंकर चाचरला. “आत एक वस्तू पडलीय.”

“सोनं?” सोमेशनं लगेच विचारलं.

“नाही, सोनं नाही.”

“लाजू नका काका. आमी लई सोनं काढलंय. मंगळसूत्र, कुड्या, जोडवी. एकदा कवळी काढली.”

“आन् त्या बाबानं नळाखाली धरली आन् तितंच तोंडात घातली, माझ्याम्होरं,” बिरप्पा म्हणाला. “मी दोन दिवस जेवलो न्हाय, बघा.”

दोघं खदखदून हसले. भीमाशंकरही कसनुसा हसला. मग बिरप्पाच्या जवळ जाऊन, शेजारच्या खिडकीकडे बघत, तो हळूच म्हणाला, “आईच्या गळ्यातलं लिंग आहे.”

बिरप्पाचं हसू थांबलं. त्यानं डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर घेतला. “आदी सांगायचं की वो,” तो म्हणाला. “सोमेश, पायपाच्या तोंडाला जाळी बांद. देव हाय आत.”

फरशी सरकली आणि वास असा वर आला की श्रीदेवी पदर नाकाला लावून आत गेली. शेजारपाजारच्या खिडक्या एकामागून एक मिटल्या. गाडीचं इंजिन अर्धा तास घुमत राहिलं. वरचं पाणी गेलं, खाली मांडीभर काळा गाळ उरला. बिरप्पानं लांब दांड्याचा झारा आत सोडला आणि गाळ चाळायला सुरुवात केली. एक चमचा निघाला, टूथब्रश निघाले, प्लॅस्टिकची घोडी निघाली, नातीच्या, अक्षताच्या लहानपणची. लिंग निघालं नाही. तासाभरानं ऊन डोक्यावर आलं. एप्रिलचं सोलापूरचं ऊन. फरशीला हात लावला तर पोळत होतं.

“न्हाय घावत,” बिरप्पा घाम पुसत म्हणाला. “जड वस्तू. संडासचा पायप पडतोय त्याच्याच बुडाला बसली असणार. मदी ही आडवी भिंत हाय. तितं झारा पोचत न्हाय.”

“मग?”

“मग काय? आत उतरलं तरच. उतरायला सरकारनं बंदी केलीय. आमी बी उतरत न्हाय आता.”

“बरोबर आहे,” भीमाशंकर म्हणाला.

आणि तिथंच उभा राहिला.

सोमेश पाईप गुंडाळायला लागला. बिरप्पानं झारा धुतला. भीमाशंकर टाकीच्या तोंडाकडे बघत उभाच. थोड्या वेळानं, कुणालाच उद्देशून नसल्यासारखा, तो म्हणाला, “आज तिसरा दिवस आहे. काही खाल्लं नाही तिनं.”

बिरप्पानं ओसरीकडे पाहिलं. निंगव्वा खाटेवर कुशीला वळून दारातून इकडेच बघत होती. या माणसांना काही सापडलं असं तिला वाटलं की काय कोण जाणे, तिनं पडल्या पडल्या हात जोडले. बिरप्पा अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचा, त्याला कानडी येत होतं. तो पायरीपर्यंत गेला आणि लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाला, “अव्वा, ऊटा माडरी. जेवा की.”

“बेड,” निंगव्वा म्हणाली.

बिरप्पा परत आला तो शर्टाची बटणं काढतच. “माझी आई बी अशीच हट्टी हुती,” तो म्हणाला. “पाच मिंटांचं काम हाय. सोमेश, दोर आन.”

“आरं पर मालक—”

“मालक कुटं हाय हितं? तू सांगणार हायेस का त्याला?”

सोमेशनं नाखुशीनं दोर आणला. मग म्हणाला, “थांब. दिवा सोडून बघू आदी.” विहिरीत उतरायच्या आधी सगळेच दिवा सोडतात. दिवा विझला तर आत हवा नाही, जळत राहिला तर आहे. श्रीदेवीनं देवघरातला दिवा लावून दिला. तो बादलीत ठेवून सोमेशनं दोरीनं खाली सोडला. ज्योत जराशी हलली आणि सरळ उभी राहिली.

“हवा हाय,” बिरप्पा म्हणाला.

भीमाशंकरच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. दिवा सांगतो ते निराळं आणि गाळात दडलेला वायू निराळा. दिव्याला त्याची खबर नसते. तो वायू भीमाशंकरनं एकतीस वर्षं स्वतःच्या हातानं तयार करून दिला होता, काचेच्या कपाटात, पंखा लावून. गाळ ढवळला की तो सुटतो. दर जूनमध्ये नवी पोरं आली की कॉलेजचे सर एकच गोष्ट सांगायचे. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर पळायला वेळ आहे. वायू वाढला की आधी नाक मरतं. वास गेला की समजा, आता तुमची पाळी. हे त्यानं एकतीस वेळा ऐकलं होतं. पण वास तर येत होता. चांगला सणसणीत येत होता. म्हणजे अजून ठीक आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. पाच मिनिटांचं तर काम. आता अडवलं तर पुन्हा विचारायचं कसं? त्यानं ओठ मिटून घेतले.

बिरप्पा चड्डीवर आत उतरला. कमरेला दोर होता. दोन पावलं पुढे गेल्यावर तो म्हणाला, “दोर भिंतीला अडाकतोय,” आणि दोराचं टोक सुटं होऊन वर आलं. सोमेशनं शिवी हासडली. आतून आवाज घुमत होता.

“वास मरणाचा हाय, बाबा.”

“लवकर बघ.”

“बघतोय की. तुज्यावानी फोनवर न्हाय बसलो.” चबाक चबाक असा गाळ ढवळल्याचा आवाज. “हां, लागलं कायतरी… न्हाय, खडा हाय.” पुन्हा आवाज. मग, जरा खुशीत, “आता बरं वाटतंय. वास गेला की वो सर. नाकाला सव झाली.”

भीमाशंकर टाकीच्या तोंडाशी धावला. ओरडायचं आहे हे त्याला कळलं, पण कसं ओरडायचं ते आठवेना. घशातून आधी नुसती हवा निघाली. मग शब्द आले.

“वर या! बिरप्पा, वर या! आत्ताच्या आत्ता!”

“थांबा की, हितं पायपाच्या—”

पुढचं आलं नाही. धान्याचं पोतं खाली ठेवावं तसा आवाज झाला, तोही मऊ, गाळातला.

“बिरप्पाण्णा?” सोमेश म्हणाला. “ए बिरप्पाण्णा!” त्यानं चपला काढल्या आणि टाकीच्या तोंडात पाय सोडला. भीमाशंकरनं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. चौसष्ट वर्षांच्या त्या माणसाच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. दोघं फरशीवर आदळले.

“सोड! सोड म्हाताऱ्या, मरंल त्यो!”

“तूही मरशील. एका श्वासात मरशील. मला माहीत आहे.”

“माहीत हाय?” सोमेश त्याच्या तोंडावर किंचाळला. “माहीत हाय तर आदी का न्हाय बोलला?”

भीमाशंकरनं मिठी आणखी आवळली. श्रीदेवी आतून अग्निशामक दलाला फोनवर पत्ता सांगत होती, मारुतीच्या देवळावरून डावीकडे, डावीकडे, आणि रडत होती.

गाडी यायला बावीस मिनिटं लागली. तोंडाला मुखवटा लावलेला एक जवान पाठीवर हवेचा डबा घेऊन उतरला. बिरप्पाला काखेत दोर घालून वर काढलं. अंगणात झोपवून त्याच्यावर पाण्याचा पाईप धरला, तसा त्याचा चेहरा दिसायला लागला. डोळे उघडे होते. दोन्ही हात रिकामे होते.

हवालदार आले, बघ्यांची गर्दी झाली. गाडीचा मालक मोटारसायकलवरून आला. पांढरा शर्ट, हलका आवाज. भीमाशंकरला त्यानं पेरूच्या झाडाखाली बाजूला घेतलं.

“काका, झालं ते वाईट झालं. झाकण उघडं हुतं, कडंला हुबा हुता, पाय घसरला. एवढंच सांगा. उतरवला म्हटलं की केस हुती, तुमच्यावर आन् माझ्यावर बी. आन् कशाला उतरवला, काय पडलं हुतं, सगळं खोदून काढतील. पेपरात येईल.”

भीमाशंकर केसला भ्याला नाही. तुरुंगाचा तर विचारही त्याच्या मनात आला नाही. ‘काय पडलं होतं’ या तीन शब्दांना तो भ्याला. हवालदारांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पाय घसरला.” त्यांनी लिहिलं, त्यानं सही केली. सोमेश गाडीच्या पायरीवर बसला होता. त्यानं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

संध्याकाळी श्रीदेवीनं त्याला न विचारता मठात फोन केला. अय्यास्वामी स्कूटरवरून आले. हातपाय धुतले, निंगव्वाच्या खाटेशी पाट मांडून बसले. कपाळाला भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला, तिच्या तळहातावर नवं लिंग ठेवलं, तिच्याकडून पूजा करून घेतली आणि नव्या दोऱ्यात गळ्यात बांधलं. सगळ्याला अर्धा तास लागला असेल. भीमाशंकर दाराशी उभा राहून घसा साफ करत होता. “ते… आधीचं… ते असं झालं की—”

“जातं हो,” स्वामी उठता उठता म्हणाले. “वय झालं म्हटल्यावर. मला लगेच बोलवायचं, म्हातारीला तीन दिवस उपाशी ठेवायचं नाही.”

आधीचं कुठं गेलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

निंगव्वा जेवली. दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी श्रीदेवीनं तिला भरवली. दिवसभरात बाहेर कसला गलका झाला हे तिला नीट कळलं नव्हतं. कान जड झालेले आणि दुपारभर ती ग्लानीत पडून होती. शेवटचा घास गिळून तिनं मुलाकडे पाहिलं. “तो आपल्याकडचा माणूस आला होता,” ती म्हणाली. “कानडी बोलणारा. त्याला जेवायला घातलंत का?”

“घातलं,” भीमाशंकर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरकारी दवाखान्यात गेला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर लिंबाखाली बिरप्पाची बायको बसली होती. शरणम्मा तिचं नाव. रडून रडून झालं होतं, आता ती कोरड्या डोळ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होती. सोमेशनं लांबूनच बोट दाखवून तिला सांगितलं असावं. ती उठून भीमाशंकरच्या समोर आली.

“तुमच्या घरी व्हय?”

“हो.”

“पाय घसरला म्हनं.”

तो लिंबाच्या मुळांकडे बघायला लागला.

“वीस वर्सं टाक्यांवर काम केलंय त्यानं. पावसात, चिखलात. कदी पाय घसरला न्हाय. तुमच्याच अंगनात कसा घसरला?” ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. “तुमी तितंच हुबं हुता न्हवं? सांगा की. कशाला गेला त्यो आत?”

भीमाशंकरचे ओठ हलले. शरणम्मा वाट बघत राहिली. मग तिनं हात झटकला. “जावा,” ती म्हणाली. “न्हाय सांगायचं तर जावा. हुबं नका राहू नुसतं.”

तो गेला. रिक्षा केली नाही, चालत गेला, भर उन्हात, थेट पोलीस चौकीत. कालचेच हवालदार टेबलाशी होते. बाकावर चार-पाच माणसं बसलेली. चोरीला गेलेल्या मोटारीची तक्रार द्यायला आलेला एक जण, भांडलेले दोघं शेजारी, पासपोर्टच्या कामाची एक मुलगी.

“कालचा जबाब खोटा आहे,” भीमाशंकर म्हणाला.

“काय? मोठ्यानं बोला.”

“कालचा जबाब खोटा आहे. पाय घसरला नाही. तो आत उतरला होता. वस्तू शोधायला.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “कसली वस्तू?”

“आईची.”

“अहो, आईची काय? दागिना?”

“लिंग. गळ्यातलं.” बाकावरची माणसं बघायला लागली होती. “दोरा तुटला आणि संडासात पडलं.”

“कुठं पडलं?”

“संडासात,” भीमाशंकर म्हणाला. या वेळी आवाज चांगला मोठा निघाला. पासपोर्टवाली मुलगी मोबाईलमधून डोकं वर काढून बघत होती. “संडासात पडलं. मला लाज वाटली, म्हणून मी मठात कळवलं नाही. आत वायू असतो हे मला माहीत होतं. दिवा सोडून तो कळत नाही, हेही माहीत होतं. मी गप्प बसलो.”

हवालदारांनी खुर्ची पुढे ओढली. “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय? माणूस मेलाय, काका. हे लिहिलं तर तुम्ही आत जाल. घरी जा, वकील बघा, मग या.”

“लिहा.”

हवालदारांनी सुस्कारा सोडून नवा कागद ओढला. तारीख घातली, नाव घातलं, वय घातलं. मग विचारलं, “तुम्ही त्याला उतर म्हणालात?”

“तसं म्हणालो नाही. उतरू नको, असंही म्हणालो नाही. तिथं उभा राहिलो.”

“असं लिहिता येत नाही. म्हणालात की नाही म्हणालात? एक काय ते सांगा.”

वर पंखा करकरत फिरत होता. भीमाशंकरनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“लिहा मग,” तो म्हणाला. “उतर म्हणालो.”